ओलेतुस

तीन वर्षं मी एका पडद्यावर काम केलं.
फोन खोक्यातून निघतो, भाषा विचारतो, वायफाय विचारतो,
आणि मग आयुष्यात एकदाच
हा पडदा:
शोधायचं कशावर? निवडा.

त्याआधी कुणी विचारत नव्हतं.
ती जागा, अंगठ्याखालची, दोन बोटं रुंद,
परस्पर विकली जायची.
किंमत मी पाहिली आहे, म्हणजे काळी पट्टी पाहिली आहे
गोपनीय आकड्यावर ओढलेली;
पट्टीच्या लांबीवरून आम्ही शून्यं मोजायचो.

वकील म्हणायचे, बदलता येतंच की, कुणी हात धरलेत?
सेटिंग, मग ॲप, मग आणखी खाली, सहा टिचक्या.
मी त्या सहा टिचक्यांचे फोटो काढले,
परिशिष्ट नऊ.
शंभरातले किती जण सहावीपर्यंत पोचतात
यावर दोन अर्थतज्ज्ञ दुपारभर भांडले
आणि कॉफी निवत गेली.

आमच्या फिनिश भाषेत डिफॉल्टला म्हणतात ओलेतुस.
म्हणजे गृहीत.
हजारदा लिहिला असेल मी हा शब्द,
आणि एका रात्री हेलसिंकीच्या ट्राममध्ये, समोरच्या रांगेत
आठ माणसं आठ फोनांवर वाकलेली,
वाटलं, आम्हाला कुणी फसवलं नाही.
नुसतं धरलं. गृहीत.

बाबा ओउलूत राहतात.
बावीस वर्षं फोनच्या कारखान्यात बटणांचं रबर तपासायचे.
पाचच्या बटणावर ठिपका असतो, न बघणाऱ्या बोटासाठी;
तो नीट उमटलाय का, एवढंच काम.
कारखाना गेला.
ठिपका अजून शोधतात ते, गुळगुळीत काचेवर.

फेब्रुवारीत त्यांचा जुना फोन
मासे धरायला बर्फात पाडलेल्या भोकात पडला.
दुकानातली एरिका सल्ला देत नव्हती,
वरून तशी ताकीद होती;
तिने नवा फोन पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत राहिली.
दुकानाच्याच फोनवरून बाबा:
"किर्सी, इथे बारा नावं आहेत. कुठलं दाबू?"

बारा. क्रम प्रत्येक फोनवर वेगळा, सोडतीने,
त्या सोडतीसाठी मी किती बैठका बसले होते.
"सांगता येणार नाही, बाबा."
"तुला माहीत नाही?"
"माहीत आहे. म्हणूनच."
पलीकडे एक लांब श्वास.
माझ्या शाळेच्या पत्रांवर ते याच श्वासाने सही करायचे.

मार्चमध्ये घरी गेले.
टेबलावरचा फोन सहज उचलला. सहज नव्हतं ते.
सातवं नाव.
अकरा माणसांची कंपनी. सुनावणीला त्यांचा एकटाच आला होता,
चेन बिघडलेली बॅग पोटाशी धरून,
आणि बोलायची पाळी आली तेव्हा पाणी सांडलं त्याच्या हातून.

"हे का निवडलंत?"
मला उत्तर हवं होतं, तीन वर्षांचं.
खाजगीपणा म्हणतील.
निदान म्हणतील, मोठ्यांची जिरवली.

"ते चिन्ह," बाबा म्हणाले,
"माझ्या लाल गळासारखं दिसलं.
फोनबरोबर बुडाला ना, तो."

मग त्यांनी त्याला विचारलं,
हाइलुओतो बेटाचा बर्फावरचा रस्ता आज उघडा आहे का.
त्याने एक पान काढून दिलं. गेल्या वर्षीचं.
बाबांनी फोन पालथा घातला
आणि भिंतीवरच्या जुन्या फोनवरून बेटावरच्या कौकोला विचारलं,
बर्फ किती आहे तिकडे?

आम्ही निघालो. बर्फावर सीटबेल्ट काढून बसायचं,
हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही.
चहूकडे गोठलेला समुद्र, कुठूनही जा,
आणि बाबा गाडी नेत होते
रोवलेल्या फांद्यांच्या बरोबर मधून.